मणक्यातला स्क्रू आणि न दिसणारी वाट : एक्स-रेपासून सोनोग्राफीपर्यंत

मणक्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की रुग्णाच्या आधी सोबत आलेले नातेवाईकच विचारतात, "डॉक्टर, स्क्रू नसेला लागला तर?" विचारताना आवाज थोडा खाली येतो. कुणी गावाकडचं उदाहरण देतं, कुणी मोबाईलवर पाहिलेला व्हिडिओ सांगतं. प्रश्न अगदी रास्त आहे आणि गेली साठ वर्षं जगभरचे सर्जनही स्वतःला तोच विचारत आले आहेत. म्हणून आज नेहमीसारखी आजाराची माहिती न देता त्या प्रश्नाचा इतिहासच सांगतो. शेवटी तो आपल्या ओळखीच्या सोनोग्राफीपर्यंत येतो, आणि तिथे आपल्या महाराष्ट्राचाही एक वेगळाच धागा त्यात गुंतलेला आहे.

आधी जागा समजून घेऊ. मणक्याचा पुढचा भाग गोल डबीसारखा असतो आणि मागे हाडाची कमान असते. डबी आणि कमान यांना जोडणारे दोन आखूड खांब असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यांना पेडिकल म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'छोटा पाय'. दोन खांबांच्या मधून मज्जारज्जू जातो, कंबरेच्या भागात त्याच्या जागी नसांचा जुडगा असतो. प्रत्येक खांबाच्या खालच्या कडेला अगदी चिकटून एक नस बाहेर पडते. डबीच्या पुढे शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. स्क्रू मागून घालायचा, खांबाच्या मऊ गाभ्यातून पुढे न्यायचा आणि डबीत थांबवायचा. कंबरेच्या खालच्या मणक्यांत हा खांब एक सेंटिमीटरहून रुंद असतो, तिथे साडेसहा मिलिमीटर जाडीचा स्क्रू आरामात बसतो. छातीच्या मधल्या भागात मात्र अनेकांचा खांब जेमतेम ४ ते ५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. आणि सर्जनला खांबाचं फक्त मागचं तोंड दिसतं, आतली वाट दिसत नाही.

स्क्रूच्या आधीचे दिवस

मणके धातूने बांधण्याची पहिली मोठी गरज निर्माण केली ती क्षयरोगाने. मणक्याच्या क्षयाने कुबड येतं आणि पाय लुळे पडतात, हे इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये नीट लिहून ठेवलं. आजही आम्ही त्या आजाराला पॉट्स स्पाइन म्हणतो आणि नाशिक जिल्ह्यातही तो रुग्ण अधूनमधून येतोच. तेव्हा औषध नव्हतं. महिनोन्‌महिने पाठीवर पडून राहायचं, प्लास्टरच्या कवचात राहायचं, चांगल्या हवेच्या ठिकाणी जायचं, एवढाच उपाय होता. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या बर्थहोल्ड हाड्रा यांनी मणक्यांची मागची टोकं तारेने बांधण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी मणके हाडानेच एकमेकांना जोडण्याच्या दोन पद्धती दिल्या. अल्बी यांनी तर नडगीचं हाड काढून पाठीत बसवलं. मणके एकसंध झाले की दुखणं थांबतं, हे पटलं. पण हाड जुळेपर्यंत ते हलू द्यायचे नाहीत, हा प्रश्न सुटेना.

पुढे पोलिओमुळे वाकड्या झालेल्या मुलांच्या पाठी सरळ करण्यासाठी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी हुक आणि रॉड वापरले. त्यांचा प्रसिद्ध लेख १९६२ चा. रॉड दणकट होता, पण हुक कमानीला मागून नुसता अडकवलेला असे. एकच मणका मोडला असला तरी वर-खाली बरेच मणके बांधावे लागत. शेतात वाकून काम करणाऱ्या माणसाच्या कंबरेचे पाच-सहा मणके ताठ झाले तर त्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पॅरिसची युक्ती

१९६३ मध्ये पॅरिसच्या रेमंड रॉय-कामी यांनी पेडिकलमधूनच स्क्रू घालायला सुरुवात केली. त्यांचा लेख आला १९७० मध्ये. कल्पना साधी होती: मणक्याचा सर्वांत मजबूत भाग हाच खांब आहे, तर त्यालाच पकडा. स्क्रू मागून पुढे अख्खा मणका धरतो, त्यामुळे मोडलेल्या मणक्याच्या वरचा आणि खालचा एवढेच बांधले तरी बरेचदा भागतं. वाट शोधण्यासाठी त्यांनी हाडावरच्या खुणा ठरवून दिल्या. मागचा सांधा कुठे आहे, आडवा फाटा कुठे आहे, त्या दोन रेषा जिथे मिळतात तिथे भोक पाडायचं. ही पद्धत आजही शिकवतात. आतून जाताना हाताला लागणारा कडक-मऊ फरक आणि भोकात घालायची बारीक बोथट सळई, यांवर बाकीचा भरवसा. ती सळई चारही भिंतींना आणि तळाला लावून बघायची. कुठे अचानक 'पोकळ' लागलं की वाट चुकली.

प्रत्येक नव्या गोष्टीसारखं याचंही कौतुक आधी झालं आणि हिशेब नंतर मागितला गेला. १९९० च्या दशकात अमेरिकेत या स्क्रूंवरून हजारो रुग्णांनी दावे लावले. काहींना खरोखर इजा झाली होती, काहींची तक्रार वेगळीच होती. मोठा मुद्दा हा होता की पेडिकलमधला वापर तिथल्या औषध प्रशासनाने अजून सर्वसाधारणपणे मंजूर केलेला नव्हता आणि अनेक रुग्णांना ते सांगितलंच गेलं नव्हतं. शेवटी १९९८ मध्ये ठराविक आजारांसाठी या स्क्रूंचं वर्गीकरण बदलून त्यांना मान्यता दिली गेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाने सर्जन मंडळींचं नुकसान झालं नाही, उलट भलं झालं. स्क्रू नेमका कुठे गेला हे मोजायची सवय त्यामुळे अधिक पक्की झाली.

परळची गोष्ट

इथे थोडं थांबून आपल्याकडची गोष्ट सांगायलाच हवी. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके वेगळेच असतात. पहिला नुसतं कडं, दुसऱ्याला वर आलेलं दातासारखं टोक. आपण मान नाही-नाही म्हणून हलवतो ती बहुतेक याच जोडीवर. इथे मज्जारज्जू दबला तर हातपाय तर जातातच, श्वासही जाऊ शकतो. शिवाय मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दोन्ही बाजूंनी या हाडांतून नागमोडी वळणं घेत जाते. जन्मजात दोष, क्षय, संधिवात किंवा अपघात, कशानेही ही जोडी सैल होऊ शकते. १९३९ पासून तारेने बांधण्याची गॅली पद्धत होती. नंतर स्वित्झर्लंडच्या फ्रेडरिक मॅगर्ल यांनी दोन्ही मणक्यांच्या सांध्यातून आरपार एकच लांब स्क्रू घालण्याची पद्धत आणली. ती पकड मजबूत, पण स्क्रू फार तिरका जातो आणि मणके आधी जाग्यावर आलेले असावे लागतात.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात असे रुग्ण मोठ्या संख्येने येत. हे महापालिकेचं रुग्णालय, १९२६ पासूनचं. नाशिकच्या जुन्या मंडळींना ते पक्कं माहीत आहे. पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरायचं आणि फाईल छातीशी धरून परळ गाठायचं, हा कित्येक घरांचा अनुभव आहे. तिथे १९८८ पासून न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोयल यांनी वेगळा मार्ग धरला. आरपार एक स्क्रू घालण्याऐवजी पहिल्या मणक्याच्या बाजूच्या भरीव भागात एक आणि दुसऱ्या मणक्यात दुसरा, असे स्वतंत्र स्क्रू घालायचे आणि दोन्ही पट्टीने जोडायचे. सांधा प्रत्यक्ष उघडायचा, आतलं आवरण खरवडून तिथे हाडाचे तुकडे भरायचे. गोयल आणि लाहेरी यांचा लेख १९९४ मध्ये 'ॲक्टा न्यूरोकिरुर्गिका' या युरोपीय नियतकालिकात आला. २००२ मध्ये याच पद्धतीच्या १६० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीच्या युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि रॉड वापरून तेच तत्त्व मांडलं. आज जगात ही पद्धत गोयल-हार्म्स या जोडनावाने ओळखली जाते, आणि तिचा पहिला अर्धा भाग परळचा आहे. काही परदेशी लेखांत फक्त दुसरंच नाव दिसतं, ते मला खटकतं.

ही सुरुवात आजच्या नेव्हिगेशनच्या आधीची आहे, हे लक्षात घ्या. सांधा उघडून हाड डोळ्यांनी बघायचं आणि शरीररचना पाठ असायला हवी, हाच त्या पद्धतीचा कणा. चित्र दाखवणारं यंत्र त्यानंतर येतं.

बघण्याची साधनं

रॉन्टगेन यांना एक्स-रे सापडले ८ नोव्हेंबर १८९५ ला. शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर हलतं चित्र दाखवणारा सी-आर्म १९५० च्या दशकात आला, आणि आज तालुक्याच्या ठिकाणीही तो असतो. त्याची अडचण म्हणजे तो सावली दाखवतो. सावलीत खोली कळत नाही. भिंतीवर हाताची सावली पाडून हरीण करता येतं, तसं दोन हाडं एकावर एक आली की स्क्रू खांबात आहे की खांबाच्या बाजूला, यात फसगत होऊ शकते. दुसरी अडचण किरणांची. २००० साली टोरोंटोमधल्या सर्जननी मोजमाप करून दाखवलं की सी-आर्मखाली पेडिकल स्क्रू घालताना सर्जनच्या हाताला बसणारा किरणांचा मारा मणका सोडून इतर हाडांच्या ऑपरेशनांच्या तुलनेत १० ते १२ पट असू शकतो. रुग्णाचं ऑपरेशन एकदा होतं. थिएटरमधले तंत्रज्ञ आणि सिस्टर मात्र रोज तिथेच उभे असतात. शिशाचा एप्रन त्यांच्याही अंगावर असायला हवा, हे ओघात सांगतो.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला झाली. सीटीमुळे दोन गोष्टी बदलल्या. एक, ऑपरेशननंतर स्क्रू कुठे बसलाय ते मिलिमीटरमध्ये कळू लागलं. १९९० मध्ये गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांनी स्क्रू भिंतीबाहेर किती गेला याच्या पायऱ्या आखल्या आणि त्या आजही वापरतात. दुसरं, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सीटीचं चित्र संगणकात घालून ऑपरेशन करतानाच अवजाराची जागा पडद्यावर दाखवणारं नेव्हिगेशन आलं. गाडीतल्या नकाशासारखंच. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांतले ३७ हजारांहून अधिक स्क्रू एकत्र मोजले. नेव्हिगेशनशिवाय साधारण ९० टक्के, नेव्हिगेशनसह साधारण ९५ टक्के स्क्रू बरोबर जागी होते. उरलेले सगळे इजा करतात असं मुळीच नाही. बहुतेकांचा रुग्णाला पत्ताही लागत नाही. पण फरक आहे, आणि वाकड्या, फिरलेल्या किंवा आधी ऑपरेशन झालेल्या पाठीत त्याला जास्त अर्थ आहे.

नेव्हिगेशनचा कमकुवत दुवा म्हणजे नकाशा आणि रस्ता जुळवणं. सीटी काढताना रुग्ण उताणा असतो, ऑपरेशनला पालथा. मणके थोडे सरकलेले असतात. संगणकाला सांगावं लागतं की 'चित्रातलं हे टोक म्हणजे इथलं हे टोक'. ती जुळणी चुकली तर पडदा आत्मविश्वासाने खोटं दाखवतो. आणि नेमकं इथेच संशोधकांना सोनोग्राफी आठवली.

आवाजाने बघणं

क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी तेच तत्त्व उलटं वापरून पाण्याखालच्या पाणबुड्या आवाजाने शोधायचा प्रयत्न केला. वैद्यकशास्त्रात पहिलं पाऊल टाकलं ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी. कवटीतून आवाज पाठवून मेंदूच्या आतल्या पोकळ्या दिसतात, असं त्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलं. दहाएक वर्षांनी कळलं की ती चित्रं बरीचशी मेंदूची नव्हतीच, कवटीच्या हाडाने आवाज अडवल्यामुळे उमटलेले ते आकार होते. हाडाने सोनोग्राफीला सुरुवातीलाच असं फसवलं.

म्हणून पुढची प्रगती पोटात झाली. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलर कारखान्यात घेऊन गेले. तिथे लोखंडातले तडे शोधायला आवाजाचं यंत्र वापरत. द्रवाने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांतून वेगवेगळे प्रतिध्वनी येतात, हे तिथे दिसलं. १९५८ मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सोनोग्राफीचं युग सुरू झालं.

मग मणक्याला तिचा उपयोग काय? हाडाच्या पृष्ठभागावरून आवाज जवळजवळ सगळा परत फिरतो आणि मागे काळी सावली पडते. याचा अर्थ हाडाच्या आरपार दिसत नाही, पण हाडाची वरची कड मात्र स्पष्ट, चकचकीत रेघेसारखी दिसते. तीच रेघ सीटीच्या नकाशाशी जुळवायची, तीही किरणांशिवाय आणि त्वचेवरूनच, अशी कल्पना आहे. प्रयोगशाळांत यावर बरीच वर्षं काम चालू आहे. दुसरा उपयोग थिएटरमध्ये केव्हाचाच रुजला. मागची कमान काढली की आवाजाला खिडकी मिळते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या डोरमन आणि रुबिन यांनी ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतल्या गाठी, पोकळ्या अशा बघितल्या. आपल्याकडे टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी २०१० च्या दशकात मेंदूच्या गाठींसाठी नेव्हिगेशनला जोडलेली थ्रीडी सोनोग्राफी वापरून त्यावर सातत्याने लिहिलं आहे.

तिसरा उपयोग मला सर्वांत रंजक वाटतो. हाडाच्या आरपार दिसत नाही ना, मग हाडाच्या आतच जाऊन बघू! हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून बघायला वापरतात तसा अगदी बारीक प्रोब पेडिकलमध्ये पाडलेल्या भोकात घालायचा. भोवतालची कडक भिंत वर्तुळासारखी दिसते, भिंत फुटली असेल तिथे वर्तुळ तुटतं. जर्मनीतल्या एका गटाने २००९ मध्ये कंबरेच्या मणक्यांत अशी तपासणी करून ती प्रसिद्ध केली. सर्जनच्या बोथट सळईला जे स्पर्शाने कळतं, ते स्क्रू घालण्याआधीच डोळ्यांना दाखवायचं, असा तो प्रकार.

मग प्रत्येक थिएटरमध्ये हा प्रोब का नाही? भोकात रक्त असतं, हवेचे बुडबुडे असतात, आणि हवा ही आवाजाची शत्रूच. प्रत्येक भोक सलाईनने भरून तपासायचं म्हणजे सहा-आठ स्क्रूंच्या ऑपरेशनमध्ये वेळ वाढतो. तोवर सीटीवर चालणारी नेव्हिगेशन यंत्रं आणि रोबोट पुढे निघून गेले होते. ही तपासणी आज रोजची झालेली नाही. कुणी 'आम्ही सोनोग्राफीने स्क्रू टाकतो' अशी जाहिरात केली, तर नेमकं काय करता, हे आपण जरूर विचारा. मणक्याच्या ऑपरेशनला सोनोग्राफी आज तुम्हाला जास्त करून भूलतज्ज्ञांच्या हातात दिसेल. पाठीच्या स्नायूंखाली सुन्न करणारं औषध नेमक्या थरात सोडण्यासाठी. २०१६ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या अशा एका ब्लॉकमुळे ऑपरेशननंतरचं दुखणं बरंच सुसह्य होतं.

थिएटरबाहेरची पाटी

आता महाराष्ट्राचा तो धागा. मणक्याच्या थिएटरबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी पाहून एका काकांनी हसून विचारलं होतं, "इथे कुणाचं बाळ बघताय?" हसण्यासारखं आहे खरं, पण पाटीमागचं कारण हसण्यासारखं नाही. सोनोग्राफी मुलींचा जीव घेण्यासाठी वापरली गेली आणि त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. म्हणून यंत्र भूल देण्यासाठी असो की मणक्यासाठी, गर्भ दाखवू शकत असेल तर त्याची नोंदणी हवी. उचलून नेता येणारं यंत्रही या दवाखान्यातून त्या दवाखान्यात मनाला येईल तसं नेता येत नाही. यामुळे लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ यंत्र घ्यायला कचरतात, हे खरं आहे. आम्हा डॉक्टरांत यावर कुरकुर होते. पण वरचे दोन आकडे समोर ठेवले की मला ती कुरकुर फार पुढे नेता येत नाही. कागदपत्रं सोपी व्हावीत, नोंदणी मात्र राहावी.

तुमच्या हातातला रिपोर्ट

ऑपरेशननंतर सीटी काढला आणि रिपोर्टमध्ये 'ब्रीच' असा शब्द दिसला, की घरात रडारड सुरू होते. इंटरनेटवर शोधण्याआधी दोन गोष्टी बघा. किती मिलिमीटर आणि कोणत्या बाजूला. दोन मिलिमीटरपर्यंतचा ब्रीच बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. बाहेरच्या बाजूचा ब्रीच आतल्या, म्हणजे मज्जारज्जूकडच्या ब्रीचपेक्षा सहसा कमी काळजीचा असतो. चित्रापेक्षा पाय काय सांगतात हे महत्त्वाचं: पायाचा अंगठा वर उचलता येतो का, ऑपरेशनआधी नव्हती अशी कळ पायात जाते का. पायातली ताकद नव्याने कमी झाली, जांघेचा भाग बधिर झाला किंवा लघवी होईनाशी झाली, तर सकाळच्या राऊंडची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवा आणि सर्जनला फोन लावायला सांगा.